एका डोळ्याची कानबाई

मला एका जागी बसता येत नाही. माहेरी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. सासरी आल्यावर अक्का म्हणाल्या, ही बसली तरी हिचा गुडघा बसत नाही. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव आहे आणि सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं, म्हणून मीही म्हणते. मी धुळ्याला एका शाळेत चित्रकला शिकवते. वर्गातही मी खुर्चीवर टेकत नाही, बाकांमधून फिरत राहते. मुलं तक्रार करतात की बाईंची सावली कागदावर पडते.

अशा बाईची शिक्षकांच्या जपान अभ्यासदौऱ्यासाठी निवड झाली तेव्हा मी स्टाफरूममध्ये खरोखर उडी मारली. मग तारखा पाहिल्या आणि मटकन खाली बसले. दौऱ्याच्या मधोमध नागपंचमी येत होती, आणि नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते.

कानबाई म्हणजे काय हे खानदेशातल्या माणसाला सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून चटकन पटत नाही. ती देवी आहे आणि ती नारळ आहे. बाजारातून आणलेला नारळ नव्हे. घरात पिढ्यानपिढ्या चालत आलेला, आतलं पाणी कधीच आटलेला, तेल पिऊन पिऊन काळा झालेला नारळ. वर्षभर तो लाल कापडात गुंडाळून देवघरात असतो. त्या रविवारी त्याला कलशावर बसवायचं, साडी नेसवायची, नथ घालायची, वर तळलेल्या कडकण्यांचा नि करंज्यांचा फुलोरा टांगायचा, भाऊबंदकीनं मिळून नैवेद्याचे गव्हाचे रोट खायचे, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेऊन, पाण्यात बुडवून परत घरी आणायचं. सुरतेला गेलेली आमची माणसं एखाद्या दिवाळीला येणार नाहीत, पण कानबाईच्या रोटांना येतात.

कुणाकडे कानबाईला चांदीचे डोळे लावतात. आमच्या घरी चेहरा काजळानं काढतात. मागच्या वर्षीचा चेहरा तेलानं पुसायचा आणि नवा काढायचा, तो घरातल्या सुनेनं. अक्का या घरात आल्यापासून तो त्यांनीच काढला. नाक, ओठ, भुवया, आणि सगळ्यात शेवटी डोळे. डोळे उघडले की ओसरीतल्या बाया गाणं धरतात. पुढे अक्कांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी थरथर कमी झाली पण गेली नाही, आणि चेहरा काढायचं काम माझ्याकडे आलं. मी चित्रकलेची शिक्षिका, त्यामुळे कुणी हरकत घेण्याचा प्रश्नच नव्हता. खरं तर माझं माहेर रावेरकडचं, केळीच्या पट्ट्यातलं. आमच्या घरी कानबाई नव्हती आणि बोलीही वेगळी. इतकी वर्षं होऊनही मी सासरची अहिराणी ऐकते नि उत्तर शाळेतल्या मराठीत देते. अक्का यावरून मला 'मास्तरीण' म्हणतात.

आता मी नसले तर चेहरा कोण काढणार? धाकटी जाऊ गावातच राहते, अक्कांचं सगळं तीच करते. पण तिनं एके वर्षी, माझी परीक्षेची ड्यूटी होती तेव्हा, हौसेनं चेहरा काढून पाहिला होता. देवी जरा रागावलेली दिसली. त्या हंगामात कपाशीवर बोंडअळी आली आणि सगळ्या शिवारातली बोंडअळी बिचारीच्या नावावर जमा झाली. तेव्हापासून ती काजळाच्या वाटीला हात लावत नाही. मला हे ऐकलं की चीड येते. अळीला काय माहीत कुणाच्या घरी कुणी कशा भुवया काढल्या! पण चीड येऊन जावेचा हात मोकळा होत नव्हता.

मी उपाय शोधला. टॅबवर चेहरा काढला. त्या ॲपमध्ये एक सोय आहे, हात कापला तरी रेघ गुळगुळीत येते. डोळे असे रेखले की मी स्वतःच दोन वेळा मोठे करून पाहिले. मग धुळ्यातल्या फ्लेक्सवाल्याकडे जाऊन त्याचा पारदर्शक स्टिकर छापून घेतला. फ्लेक्सवाल्यानं देवीच्या खाली शुभेच्छुक म्हणून कुणाचे फोटो टाकायचे असं विचारलं, त्याला कसंबसं आवरलं. किराणा दुकानातून एक नारळ आणून त्यावर चिकटवून पाहिला. झकास बसला. गावी नेऊन जावेला दिला, कसा लावायचा ते दाखवलं. अक्कांनी स्टिकर हातात घेतला, उजेडात धरला. हाताबरोबर तो पारदर्शक कागदही थरथरत होता. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं." अक्कांच्या 'बरं'चे किमान चार अर्थ होतात. मला निघायची घाई होती, मी मला सोयीचा घेतला.

जपानात पहिले दिवस शाळांचे होते. आमच्या गटात राज्याच्या निरनिराळ्या भागांतले शिक्षक होते. बहुतेकांना प्रत्येक दारासमोर फोटो काढायचा असे, आणि मी पुढे जाऊन पुन्हा मागे येत असे. दुभाषी मुलगी मला हसून म्हणाली की तुम्ही एकट्याच दोनदा दौरा करताय. शाळेत बूट काढून आत जायचं, मुलं स्वतः फरशी पुसत होती, वाकून, ओळीनं, धावत. प्रत्येकाच्या दप्तरात टॅब. हे सगळं मी आधी वाचलेलं होतं. वाचलेलं नव्हतं ते एका चित्रकलेच्या तासाला पाहिलं.

तिथल्या बाईंनी मुलांना आपला डावा हात टॅबवर काढायला सांगितला. मुलं काढत होती, एक बोट चुकलं की खोडत होती, पुन्हा काढत होती. अर्धा तास झाला तरी बऱ्याच जणांचा हात पुरा होईना. मग बाईंनी टॅब मिटायला लावले आणि प्रत्येकाला एक कुंचला, शाई आणि एकच कागद दिला. दुसरा कागद मिळणार नाही म्हणून सांगितलं. एका मुलीनं कुंचला शाईत बुडवला आणि कितीतरी वेळ कागदावर नुसता धरून ठेवला. शेवटी टेकवला तेव्हा तिचं बोट वाकडं आलं, जाड आलं, पण हात पुरा झाला. मी तिच्या मागे उभी राहून पाहत होते आणि माझी सावली तिच्या कागदावर पडली होती. ती वळून माझ्याकडे पाहून हसली तेव्हा मला कळलं. मी बाजूला झाले. पण त्या तासानंतर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. टॅब आणि कुंचला यांत कशानंतर काय घ्यायचं, कधी काय मिटायचं, हे त्या बाईंना ठाऊक होतं आणि मला माझ्या वर्गासाठी ते शिकायचं होतं. अगदी लगेच.

आमच्या दौऱ्याची व्यवस्था तिथल्या एका विद्यापीठातल्या प्राध्यापिका पाहत होत्या. माझी ही घालमेल त्यांना दिसली असावी. त्यांनी मला चहाला बोलावलं. परदेशी शिक्षकांसाठी त्यांच्याकडे एक वर्षाचा अभ्यासक्रम होता. आठवड्याचे काही दिवस शाळेत कला शिकवायला मदत करायची, उरलेले दिवस कारागिरांकडे जाऊन बसायचं. दिवाळीच्या आधी सुरू होणार होता आणि एक जागा रिकामी होती. तुमचं नाव सुचवू का, असं त्यांनी विचारलं. परत जाण्याआधी सांगा म्हणाल्या.

मला ते वर्ष हवं होतं. जत्रेत पोराला पिपाणी हवी असते तसं हवं होतं, कारण विचारू नये असं. मुलगा पुण्याला शिकतोय, त्याला माझी रोजची गरज नाही. शाळा रजा देईल, पुढे कधी शिकायला जायचं असेल तर अडवणार नाही, असं मुख्याध्यापक निघतानाच म्हणाले होते. अडलं कुठे तर अक्कांपाशी. अक्का दर महिन्याला डॉक्टरकडे धुळ्याला येतात, आमच्याकडे आठवडाभर राहतात, त्यांच्या गोळ्यांच्या वेळा मी बघते. जाऊ गावी शेत, गुरं, दोन पोरं यांत पिचलेली. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, तू ठरव. असं म्हणणारा नवरा भला असतो हे मला मान्य आहे, पण त्या दिवशी त्यानं जरा भांडायला हवं होतं. भांडण झालं असतं तर मला काय वाटतं ते मला कळलं असतं.

जपानात शाळांच्या उन्हाळी सुट्ट्या जुलैच्या अखेरीस लागतात. त्या लागल्या आणि दौऱ्याचा दुसरा भाग सुरू झाला, कारागिरांचा. हवा अशी दमट होती की धुळ्याचं कोरडं ऊन मला माहेरासारखं वाटायला लागलं. एका गावी दारुमा नावाच्या बाहुल्या करतात. कागदाच्या लगद्याची, गोल, लाल, बिनपायांची बाहुली. ढकलली तरी उठून उभी राहते. तिला दाढी आहे, भुवया आहेत, आणि डोळ्यांच्या जागी दोन पांढरे गोल. बाहुल्यांच्या रांगाच्या रांगा, आणि एकीलाही बुबुळ नाही. रंगवणारा माणूस तोंडाचा फटकळ होता, पाहुण्यांना कंटाळलेला. दुभाषी मुलगी त्याचं बोलणं बहुधा गोड करून सांगत असावी. तो म्हणाला की विकत घेणाऱ्यानं मनात एक इच्छा धरायची आणि एक डोळा काढायचा. इच्छा पुरी झाली की दुसरा. तोवर बाहुली एका डोळ्यानं बघत राहते. आणि ही बाहुली म्हणजे एक साधू, जो म्हणे आपल्याकडूनच तिकडे गेला आणि इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून बसला की त्याचे पाय गेले. मी लगेच उभी राहिले. गटातले सगळे हसले.

त्या संध्याकाळी मी अक्कांना फोन केला. तिकडे दुपार होती, त्या गव्हातले खडे काढत होत्या. मी त्यांना दारुमाची गोष्ट गंमत म्हणून सांगितली. आपण देव पाण्यात घालून बसतो तसे हे लोक देवाचा डोळा अडवून बसतात, म्हटलं. अक्कांना फार मजा वाटली. त्यांनी खोदून खोदून विचारलं. आधी कुठला डोळा काढतात. इच्छा कुणाला सांगतात का. नाही सांगत. पुरी झालीच नाही तर? तर राहते बाहुली एकाक्ष. मग त्यांनी विचारलं की तो साधू आपल्या गावी परत आला का. मी म्हटलं, नाही, तो तिकडचाच झाला. पलीकडे फक्त खडे ताटलीत पडल्याचा आवाज येत राहिला. वर्षाच्या अभ्यासक्रमाबद्दल मी त्यांना एक अक्षर बोलले नाही. मला वाटलं, नवऱ्यानंही सांगितलं नसेल.

रविवार उजाडला. मी सकाळपासून तीनदा वसतिगृहाच्या बाहेर जाऊन आले. आपल्याकडचे दहा म्हणजे तिथली दीड दुपार. जेवण सोडून मी खोलीत फोन घेऊन उभी. जावेनं फोन लावला आणि ओसरी दिसली. केळीचे खांब बांधलेले, फुलोरा टांगलेला, चौरंग मांडलेला. भाऊबंदकीतल्या बाया दाटीवाटीनं बसलेल्या, त्यांनी एकेकीनं माझी चौकशी केली. तिकडे भाकर मिळते का, हा प्रश्न चौघींनी विचारला. मग जावेनं नारळ ताटात घेतला. रीतीप्रमाणे तेल लावून जुना चेहरा पुसला, कापडानं टिपला, आणि माझा स्टिकर काढला.

तो चिकटेना. मी ज्या नारळावर चिकटवून पाहिला होता तो किराणा दुकानातला कोरडा नारळ होता. हा पिढ्यानपिढ्या तेल प्यालेला. जावेनं एक कोपरा दाबला की दुसरा उठे. डोळे बसले तर ओठ वर वळले. मी इकडून ओरडत होते, पीठ लाव, पुन्हा पूस, पंख्याखाली धर. पीठ लावल्यावर तर देवीच्या गालाला कोड फुटल्यासारखं दिसायला लागलं. बायांपैकी कुणीतरी हसलं, कुणीतरी हसणारीला गप्प केलं. जावेचे डोळे भरून आले. बोंडअळीचं तिच्या मनातून अजून गेलं नव्हतं, आणि कपाशी तेव्हा नुकती गुडघ्याएवढी झाली होती.

"ताई, आते काय करानं?" तिनं मला विचारलं. मी शिक्षिका, मी टॅबवाली, मी जपानात.

अक्का कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी काजळाची वाटी मागितली. काजळ पारून ठेवलेलं होतंच, त्यांनीच पहाटे तुपाच्या दिव्यावर ताटली धरली होती, हे मला नंतर कळलं. त्यांनी निंबाची काडी घेतली, नारळ मांडीत घेतला आणि उजवं मनगट डाव्या हातानं गच्च धरलं. नाक काढलं. ते जरा थरथरत खाली आलं. भुवया आल्या, ओठ आले. प्रत्येक रेघेनंतर त्या थांबत, श्वास घेत. मग डोळ्याला काडी लावली आणि फोनचं चित्र थिजलं. आमच्या गावाला डोंगराच्या आडोशामुळे रेंज येते नि जाते. मी फोन हलवला, खिडकीशी गेले, जिन्यात गेले, परत आले. चित्र हललं तेव्हा एक डोळा काढून झाला होता आणि अक्कांनी काडी वाटीत ठेवून दिली होती.

बाया दुसऱ्या डोळ्याची वाट पाहत होत्या. गाणं ओठांवर आलेलं. अक्का नारळ जावेच्या हाती देत म्हणाल्या, "बसाड तिले. दुसरा मंग काढसूत."

कुजबुज सुरू झाली. एक वयस्क चुलत सासूबाई स्पष्ट बोलल्या की एका डोळ्याची कानबाई कधी कुणी पाहिली नाही, हे बरं नव्हे. अक्कांनी पदर सावरला.

"एक डोयाघाई बी तिले बठ्ठं दिखस," त्या म्हणाल्या. एका डोळ्यानंही देवीला सगळं दिसतं म्हटल्यावर वाद घालणार कोण! अक्कांनी स्वतःच गाणं धरलं. सगळ्यांना मागे म्हणावंच लागलं.

मी फोन हातात धरून उभी राहिले. तो एक डोळा काही सुबक नव्हता. कडेला रेघ फाटली होती, खालच्या पापणीला दोनदा काजळ लागलं होतं. पण तो माझ्याकडे बघत होता. दारुमाची गोष्ट मीच सांगितली होती. अक्कांनी एक इच्छा धरली आणि एक डोळा काढला, आणि ती इच्छा कोणती हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. परत न आलेल्या साधूबद्दल त्यांनी उगाच विचारलं नव्हतं. सून परत यावी, तिनं येऊन दुसरा डोळा काढावा. एवढ्या बायांसमोर, एवढ्या दुरून, त्यांनी मला बोलावलं असं मला वाटलं. मला रडू आलं आणि रागही आला. रडू कशाचं हे सरळ होतं. राग याचा होता की आता मला ठरवायचं काही उरलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्राध्यापिकांना भेटून नाही म्हणून सांगितलं. सासूबाई आजारी असतात, म्हटलं, त्यांचा हात थरथरतो, घरी माझी गरज आहे. त्यांनी मान लववली, समजतं म्हणाल्या, फार विचारलं नाही. त्यांच्या खोलीतून बाहेर पडताना मला हलकं वाटायला हवं होतं. मी तिथून स्टेशनपर्यंत इतक्या भरभर चालत गेले की दुभाषी मुलगी मागे पडली. उरलेल्या दिवसांत काय पाहिलं ते मला धड आठवत नाही. एक छोटी दारुमा घेतली, बिनडोळ्यांची.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी नवऱ्याबरोबर गावी गेले. आंघोळ केली, देवघरातून लाल कापड सोडून नारळ बाहेर काढला. नदीत बुडवून आणला तरी तुपातलं काजळ होतं, तो डोळा जागेवर होता. वाटीत काजळ घेतलं, काडी घेतली. मी नारळ मांडीत घेतला तोच अक्का ओसरीतून भिंत धरत आल्या.

"ठेव ते."

मी म्हटलं, मी आले ना आता. तुम्ही माझ्यासाठीच तर थांबला होता. त्या समोर बसल्या. हात मांडीवर ठेवला, तो मांडीवरही हलत होता. माझ्या नवऱ्यानं त्यांना त्या वर्षाबद्दल कानबाईच्या आधीच सांगितलं होतं, हे तेव्हा कळलं. फोनवर मी दारुमाची गंमत सांगत होते तेव्हाही त्यांना ते ठाऊक होतं. मी सांगेन म्हणून त्या वाट पाहत होत्या आणि मी सांगितलं नाही.

"तू तठे काय सांगी उनी?" त्यांनी विचारलं.

प्राध्यापिकांना काय सांगून आले ते मी खरं सांगितलं. तुमचा हात, तुमच्या गोळ्या, धुळ्याच्या फेऱ्या, जाऊ एकटी. सांगता सांगता माझा आवाज चढला. म्हटलं, यात खोटं काय आहे? तुमच्या हातून बशी सांडते, घास सांडतो, कुणी बघायचं? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा रागानं लाल झाला होता. अक्कांना इतकं रागावलेलं मी एवढ्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

"मन्हा हातनं निमित्त करीसन तू नही म्हनी?" मग जरा थांबून, हळू, "मन्हा हात थरथर करस. तुन्हं काय थरथर करस?"

देवघरातल्या गारव्यात मी नारळ धरून बसले होते आणि बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की माझा गुडघा हलत नाहीये. भीती वाटली होती, हे मी स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं. एकटीनं वर्षभर राहायची, या वयात विद्यार्थिनी व्हायची, त्या एकाच कागदावर कुंचला टेकवायची. अक्कांच्या हाताच्या मागे उभं राहणं सोपं होतं. तो हात आयताच होता, आणि कुणी नाव ठेवलं नसतं.

अक्कांनी नारळ माझ्या मांडीतून उचलून घेतला आणि लाल कापडात गुंडाळायला लागल्या. गाठ त्यांना मारता येईना. मी मदतीला हात पुढे केला तो त्यांनी बाजूला सारला.

"मी तिन्हाजोडे मांगेल शे ते अजून व्हयनं नही," त्या म्हणाल्या. "व्हई तव्हय काढजो."

त्यांनी देवीपाशी मागितलेलं अजून झालं नव्हतं, म्हणजे ते माझं परत येणं नव्हतंच, जाणं होतं. मी म्हटलं की ते वर्ष म्हणजे पुढची कानबाईसुद्धा त्यात येते. तेव्हाही मी नसेन. चेहरा पुसला जाईल, पुन्हा काढावा लागेल, आणि तुमचा हात तोवर आणखी...

"मी शे ना," अक्का म्हणाल्या. "तव्हय बी एकच काढसू."

गाठ बसली. त्यांनी नारळ देवघरात ठेवला आणि जावेला चहा टाकायला सांगितलं. गोळ्यांचं काय, धुळ्याच्या फेऱ्यांचं काय, हे सगळं बोलणं त्या चहावर झालं. जाऊ म्हणाली की गोळ्यांच्या वेळा मी मोबाइलवर लावते, आणि दवाखान्यात भाऊ घेऊन जातील, त्यांना काय 'तू ठरव' म्हणण्यापलीकडे काम असतं. भाऊ म्हणजे माझा नवरा, तो तिथेच चहा पीत होता. मला जावेचा मुका घ्यावासा वाटला.

आमच्या घरी रेंज फक्त गच्चीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात येते. मी वर गेले. खाली सगळीकडे कपाशी, पलीकडे सातपुडा ढगांत अर्धा बुडालेला. ती जागा अजून रिकामी आहे की गेली हे मला माहीत नव्हतं, आणि नाही म्हणून गेलेल्या बाईला पुन्हा विचारात घेतील का हेही. मी प्राध्यापिकांना ईमेल लिहायला घेतली. दोनदा लिहिली, दोनदा पुसली. तिसऱ्यांदा पुसायचं नाही असं ठरवलं. लिहिलं की सासूबाईंचा हात अजूनही थरथरतो, तरी त्या रेघ पुरी करतात, आणि त्याच कारणानं मला यायचं आहे. जागा असेल तर कळवा. वाकडंतिकडं झालं होतं, पण पुरं झालं होतं. पाठवायचं बटण दाबल्यावर स्क्रीनवरचं चक्र बराच वेळ गोल गोल फिरत राहिलं.

खाली अंगणातून अक्कांचा आवाज आला. त्या मान वर करून बघत होत्या, डोळ्यांवर हात धरून, आणि तो हात हलत होता.

"गयं का वं?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. मग कठड्यावरून खाली वाकले.

"गयं, अक्का," मी म्हटलं.